डाव्या बाजूचा आरसा

"आधी आरसा, मग देव," देवाप्पा म्हणायचे. "देवाला चहूकडनं दिसतंय. तुला न्हाई."

कस्तुरीला सासऱ्याचं हे बोलणं कानाला टोचायचं. आंघोळ करून, देवापुढं दिवा लावून मगच ती कशालाही हात लावायची. पण देवाप्पांनी निपाणीकडचं गाव सोडून उभा जन्म बेंगळूरात चिकपेटच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या हाकण्यात घातलेला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी मुलाच्या, रघुपतीच्या, जोडीनं सुनेलाही गाडी शिकवली. शिकवायची रीत त्यांची अशी, की तिला स्टेअरिंगपाशी बसवायचं आणि आपण काठी टेकत गाडीभोवती फिरायचं.

"आता मी कुठं हाय?"

"उजव्या आरशात, मामा."

"आता?"

"मधल्या आरशात."

मग काठीचा आवाज गाडीच्या मागून डावीकडं यायचा आणि एका जागी थांबायचा. ती तिन्ही आरसे बघायची. म्हातारा कुठंच नसायचा.

"दिसत न्हाई, मामा."

"ही जागा ध्यानात ठेव. माणूस हितंच मरतंय."

डाव्या आरशात आपल्या गाडीची कड नखाएवढी दिसली पाहिजे, बाकी सगळा रस्ता. आरशात लांब वाटतं ते जवळ असतं. जड माल खाली, सीटला टेकवून. मागच्या काचेतून आभाळ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर जोडीदारानं खाली उतरून मागं उभं राहायचं. आणि मागं लांबलेल्या मालाच्या शेंड्याला तांबडं फडकं. ते फडकं सासूच्या जुन्या लुगड्याचं होतं. तेलानं कडक झालेलं, आंबूस वासाचं. देवाप्पा गेले तरी ते सीटखाली तसंच होतं.

*

यंदा नवरात्रात पावसानं पाठ सोडली नाही. शेवंती देठापाशी काळी पडत होती आणि झेंडू पोत्यातच सडत होता. रघुपती आणि कस्तुरी जे. पी. नगरातल्या आणि एचएसआर लेआउटमधल्या घरांना पूजेचं साहित्य पोचवायची. हार, आंब्याचे डहाळे, केळीचे खुंट, आयुधपूजेला गाड्यांपुढं फोडायचे कोहळे. फुलांवर सगळ्यात जास्त सुटायचं, ते यंदा गेलं. म्हणून रघुपतीनं ठरवलं की कोहळे आणि केळीचे खुंट दुप्पट भरायचे.

कस्तुरीचे नऊ दिवस कडक असत. एकभुक्त, अनवाणी, आणि पहाटे उठल्यापासून माळ पुरी होईपर्यंत मौन. ती कुठंही असली तरी माळ ओढायची. चुलीपुढं, गाडीत, बाजारात. घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळीच तिनं गाडी धुऊन पुसून पूजा उरकली, कारण दुसऱ्या दिवशी उसंत मिळणार नव्हती. पुढं दोन्ही अंगांना केळीची रोपं बांधली. हळद, गंध, कुंकू कालवून तिन्ही आरशांवर बोटांनी जाड मळवट भरला. डाव्या आरशावर उरलेल्या शेवंतीचा हार घातला, तो काचेवर ओघळला. रघुपती ओलं फडकं घेऊन आला, तसा तिनं हात आडवा धरला.

"निदान काचंवरचं तरी स्वल्प पुसतो की."

"देवीचं कुंकू हाय. उद्या सांजंपर्यंत हात लावायचा न्हाई."

"अप्पा असते तर शिव्या घातल्या असत्या."

"मामांच्या शिव्या मी खाल्ल्यात पुष्कळ. तुम्ही नका देऊ."

तो हसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या व्रताआड तो कधी आला नव्हता. लोक त्याला बायकोचा बैल म्हणायचे, आणि तो म्हणायचा, बैल तर बैल, आंबोण तर वेळेवर मिळतंय. सीटखालचं तांबडं फडकं तिनंच काढून मोरीपाशी टाकलं. पुजलेल्या गाडीला असलं घाणेरडं चिंधूक नको.

पहाटे फुलबाजारात पोचले तेव्हा पाऊस नुकता थांबला होता. सडक्या फुलांचा चिखल घोट्यापर्यंत. कोहळे थेट टपापर्यंत गेले, मागची काच बुजली. केळीचे खुंट आत मावेनात. मागचं दार अर्धवट उघडं ठेवून दोरीनं बांधलं आणि खुंट हात-दीड हात बाहेर राहिले. कस्तुरी पुढं बसली, मांडीवर दोन कोहळे, मुठीत माळ.

ते दोघं गाडीत माल भरत तिथून पाच-सात पावलांवर, बंद दुकानाच्या पायरीखाली, भागुबाई बसायची. ती चिकोडीकडची. नवरा गेल्यावर इथं आली आणि फुलं ओवून जगली. दोऱ्याचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची आणि दोन्ही हातांनी गजरा असा उतरवायची की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. कस्तुरीचे सगळे हार तिच्याच हातचे. दोघी भेटल्या की माहेरची बोली सुटायची. त्या पहाटे तिनं कस्तुरीला हाक मारली होती, मुक्या देवी, आज तरी बोल की गं. कस्तुरीनं माळ दाखवली होती आणि म्हातारी खदखदली होती.

गल्ली अरुंद. गाडी मागं घेतल्याशिवाय वळत नव्हती.

माल भरताना-उतरवताना त्यांची रीत ठरलेली होती. गाडी मागं घेताना जोडीदारानं बघायचं आणि थांबवायचं असेल तरच ओरडायचं. गप्प म्हणजे रस्ता मोकळा. एवढ्या वर्षांत त्यात कधी घोटाळा झाला नव्हता.

"डावीकडं बघ गं," रघुपती म्हणाला. "कोण हाय काय?"

कस्तुरी खाली उतरली नाही. खाली चिखल होता, पाय अनवाणी होते आणि माळेचे शेवटचे मणी राहिले होते. तिनं डोळेही उघडले नाहीत. हा फेरा पुरा करून बघू, एवढंच मनात आलं. रघुपतीनं थोडी वाट बघितली, आणि मग गाडी मागं घेतली.

खुंटाचं टोक आधी लागलं. डोक्यावर पाटी घेऊन भागुबाई पाठमोरी वळली होती, ती खांद्यात धक्का बसून खाली बसली. मग चाक. ओरडली ती म्हातारी नव्हे, समोरचा हमाल ओरडला.

कस्तुरीनं डोळे उघडले तेव्हा डाव्या आरशात फक्त कुंकू होतं.

*

उजवा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. भागुबाईला साखरेचा आजार, जखम भरायचं नाव घेईना. डॉक्टरांनी मग तो आणखी वर कापला. पोलीस जबाब घ्यायला आला तेव्हा कस्तुरी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. भागुबाई कानडीत त्याला म्हणाली की पावसाचं निसरडं होतं, मीच घसरून चाकाखाली गेले, ड्रायव्हरची काही चूक नाही. त्यानं दोनदा विचारलं. तिनं दोनदा तेच सांगितलं. कस्तुरीच्या जिभेवर शब्द आला, अंगठ्यानं ढकलावा तसा मागं गेला.

पोलीस गेल्यावर म्हातारी म्हणाली, "रघू तुरुंगात गेला तर मला सकाळचा चहा कोण देणार? तू? तू तर पहाटे मुकी असतीस."

थट्टाच होती ती. कस्तुरी खाटेची लोखंडी कड धरून उभी राहिली.

"दोरा कुठल्या अंगठ्याला बांधू गं आता?" भागुबाईनं पांघरुणाच्या बसलेल्या जागेकडं बघत विचारलं. "डाव्याला सवय न्हाई. डावा येडा हाय, त्याला काय येत न्हाई." मग आवाज खाली आला. "कस्तुरे, माझी जागा तेवढी जाऊ देऊ नगंस. जागा गेली की माणूस गेलं बाजारातनं. संक्रांतीला मला माझ्या जाग्यावर नेऊन बसव. बसवशील काय?"

"बसवीन, अक्का."

"कुणाच्या रिक्षातनं नगं. तुमच्या गाडीतनं. लोकांनी बघू दे, मी मनात काय धरून बसलेली न्हाई म्हणून."

"होय."

"देवीच्या गळ्याची आण?"

कस्तुरीनं आयुष्यात कधी देवीची आण घेतली नव्हती. आण घेणं तिच्या मनाला पापच वाटायचं. तिनं घेतली.

*

चौकशी संपली तशी गॅरेजचा एक माणूस गाडी आणून घराशेजारच्या पत्र्याच्या शेडखाली उभी करून गेला. रघुपती तिच्याजवळ गेला नाही. तो चिकपेटला कापडाच्या एका गोदामात गठ्ठे उचलायला लागला. सकाळी मेट्रोनं जायचा आणि संध्याकाळी मान एका अंगाला कलवून यायचा. पन्नाशीच्या माणसानं पहिल्यांदा पाठीवर ओझं घ्यायचं, म्हणजे पाठ काय काय बोलते ते पाठीलाच ठाऊक. कस्तुरी तेल कोमट करून चोळायची. तो पालथा पडून राहायचा, तिच्या हाताखाली पाठ लाकडासारखी. एका शब्दानं त्यानं कधी तिला दोष दिला नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या, भांडं फेकलं असतं, तर तिला रडायला जागा झाली असती.

शेडखाली केळीची रोपं आधी पिवळी झाली, मग तपकिरी, मग चिंध्या होऊन लोंबू लागली. सोडायचा दिवस केव्हाच गेला होता. त्यांना हात लावायची तिची छाती होत नव्हती. मागच्या बाजूला दोन-तीन कोहळे राहिले होते ते फुटून पाणी झाले आणि उंदीर यायला लागले. शेजारी कुरकुरले. पोरांनी मागच्या काचेवरच्या धुळीत बोटानं माणसाचं तोंड काढलं, वर दोन टिंबांचे डोळे.

एचएसआरची शलाका, पुण्याहून आलेली, कंपनीत कामाला असलेली, दिवाळीच्या तोंडावर तिचा फोन आला. ती तशी भली पोरगी. म्हणाली, "ताई, दसऱ्याला डिलिव्हरी आलीच नाही, मी किती टेन्शनमध्ये होते. निदान मेसेज तरी करायचा ना." कस्तुरीनं सांगितलं, एक अपघात झाला. शलाका हळहळली. मग विचारलं की दिवाळीला तरी जमेल ना, नाहीतर ती ॲपवरून मागवेल, तिथं लाइव्ह दिसतं गाडी कुठं आहे ते. कस्तुरी म्हणाली, "तिथनंच मागवा." फोन ठेवल्यावर तिला वाटलं, तिला तरी काय बोलायचं. तिला गाडी दिसायला हवी होती, एवढंच.

व्रतं चालू होती. सोमवार, चतुर्थी, शुक्रवार. पण पहाटेचं मौन तिनं सोडलं. माळ हातात घेतली की बोटं पहिल्या मण्यावरच अडकायची आणि त्याच्यापुढं जाता जायची नाहीत. देवीला ती काही मागत नव्हती. क्षमाही नाही. समोर बसायची, वात सारखी करायची, उठायची.

रोज दुपारी ती भागुबाईच्या खोलीवर जायची. एका खणाची ती खोली, बाजारामागच्या बोळात. जखम धुवायची, पट्टी बदलायची, भात घालायची. जखमेचा वास आणि कोपऱ्यातल्या वाळल्या मोगऱ्याचा वास एकमेकांत मिसळायचा. भागुबाई डाव्या अंगठ्याला दोरा गुंडाळून सराव करायची. गाठ सुटायची. ती अंगठ्यालाच शिव्या द्यायची, "मुडद्या, धर की." आणि कस्तुरी निघाली की म्हातारी रोज विचारायची.

"जागा हाय न्हवं?"

"हाय, अक्का."

पहिले काही दिवस ते खरं होतं. कस्तुरी जाता-येता त्या पायरीखाली भागुबाईचं पोतं अंथरून, वर वीट ठेवून यायची. मग एक दिवस वीट बाजूला सारलेली दिसली. कार्तिक संपता संपता पोतंच नाहीसं झालं. तिथं धनलक्ष्मी नावाची एक तरणी बाई निळा ताडपत्रीचा तुकडा अंथरून बसली होती, पुढ्यात काकड्याच्या फुलांच्या राशी, ओच्यात मूल. कस्तुरीनं तिला समजावलं. ती उद्धट बोलली नाही. कानडीत म्हणाली, अक्का, बाजारात जागा कुणाची वाट बघत नाही, माझीही उद्या जाईल. तुमची म्हातारी येईल तेव्हा येऊ दे, पण मी उठून कुठं जाऊ, तुम्हीच दाखवा. तिनं कस्तुरीच्या हातात एक गजरा ठेवला. कस्तुरीला तो घ्यावाही वाटेना आणि परत करावाही वाटेना.

ती मार्केटच्या मुकादमाकडं गेली. त्यानं सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणत मान हलवली आणि दुसऱ्याशी बोलायला लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तो लांबूनच हात जोडून हसला. तिसऱ्यांदा ती गेली नाही.

त्या दुपारीही भागुबाईनं विचारलं, "जागा हाय न्हवं?"

कस्तुरी पट्टीची गाठ मारत होती. "हाय."

खोटं बोलायचं नाही, हेही तिचं व्रतच होतं. जन्मभराचं.

*

संक्रांतीच्या आदल्या दिवशी गॅरेजवाला येऊन उतरलेली बॅटरी चार्ज करून, चाकांत हवा भरून गेला. रघुपती कामावरून आला तेव्हा शेडपाशी थबकला. मग आत येऊन पाय धुऊन भिंतीला टेकून बसला.

"उद्या अक्काला न्यायचंय," कस्तुरी म्हणाली.

"मी हात लावणार न्हाई गाडीला."

"तुम्हाला कोण लावा म्हणतंय. मी नेते. मामांनी शिकवलंय, लायसन हाय."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. बाहेर कुणाच्या तरी दारात उसाच्या मोळ्या उतरत होत्या.

"त्या दिवशी मी विचारलं होतं तुला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता नुसता. "तू बोलली न्हाईस. म्हणून मी घेतली मागं."

"होय."

"तू बघितलंस असं वाटलं मला."

"मी बघितलं न्हाई. डोळे मिटले होते."

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि कुणीतरी एकदा तोंडानं सांगावं एवढंच राहिलं होतं. भाकरीचा तुकडा त्यानं ताटात परत ठेवला.

"तिथं दुसरी बाई बसतीया," तो म्हणाला. "गोदामातनं येता-जाता बघतोय मी. अक्काला सांगितलंस?"

"न्हाई."

"मग नेऊन काय करणार?"

"नेते म्हणून सांगितलंय," कस्तुरी म्हणाली.

*

सकाळी आंघोळ करून ती ओल्या केसांनीच शेडपाशी गेली. हातात विळा, बादली आणि जुनं धोतर. देव्हाऱ्यात दिवा अजून लागला नव्हता.

पुढं बांधलेल्या केळीच्या रोपांचा आत भुगा झाला होता. विळा लावला तशी दोऱ्यांसकट खाली आली. डाव्या आरशावरचा हार कोळ्याच्या जाळ्यानं काचेला चिकटलेला. तिनं तो हळूच काढून बाजूला ठेवला. कुंकवाचा थर सुकून खवला झाला होता. पाणी लावून ती भिजवत राहिली, नखानं खरवडत राहिली. पाणी तांबडं होऊन कोपरापर्यंत ओघळलं. आधी काचेचा एक कोपरा उघडा झाला, त्यात शेडचा पत्रा, मग भिंत, मग तिचं स्वतःचं तोंड. ती स्वतःकडं बघत थांबली नाही. मधला आरसा पुसला, उजवा पुसला, मागची धुळीची काच आणि कोहळ्यांची घाण धुऊन काढली.

माल थोडाच होता. भागुबाईचं बसायचं फळकूट, दोन पाट्या, फुलांची एक करंडी, बगलेतल्या नव्या कुबड्या. उसाची एक मोळी, संक्रांतीला विकायला. फळकूट आणि पाट्या तिनं पाडलेल्या सीटला टेकवून खाली ठेवल्या, करंडी त्यांच्यात घट्ट बसवली. मागच्या काचेतून आभाळ दिसतं का ते पुढं जाऊन बघितलं. ऊस टपावरच्या कॅरियरला दोरीनं तीन जागी बांधला, ओढून बघितला. शेंडे मागं लांबत होते. मोरीच्या कोनाड्यात कधीपासून पडलेलं तांबडं फडकं तिनं शोधून काढलं. झटकलं. आंबूस वास तसाच होता. शेंड्यांना पक्की गाठ मारून बांधलं.

स्टेअरिंगपाशी बसून तिनं डावा आरसा सरकवला. आधी सगळी गाडीच दिसत होती, मग थोडी कमी, मग नखाएवढी कड आणि बाकी बोळ. काचेच्या खालच्या कडेला कुंकवाची एक रेघ निघायची राहून गेली होती.

इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं.

बोळातून गाडी मागं घ्यावी लागणार होती. ती उतरून मागं बघायला दार उघडणार तोच रघुपती बाहेर आला. गोदामाला जायचे कपडे अंगात, मान एका अंगाला. तो गाडीच्या मागं गेला आणि डावीकडं जाऊन उभा राहिला.

आरशांत तो कुठंच नव्हता.

"अहो," तिनं खिडकीतून हाक दिली.

"हाय मी."

"गप्प राहू नका. मोकळं असलं तरी बोला."

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. तिनं ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"ये," तो म्हणाला. "ये... ये... ये..."

ती त्या आवाजावर गाडी मागं घेत गेली. बोळाच्या तोंडाशी तो बाजूला झाला तसा डाव्या आरशात आला, लहान, लांब वाटणारा. खरं तर तो हाताच्या अंतरावर होता. त्यानं हात वर केला नाही, तिनंही नाही.

बाजारामागच्या बोळात म्हातारी पहाटेपासून नवं लुगडं नेसून, खोलीच्या उंबऱ्यावर डावा पाय पुढं काढून बसली असेल. कस्तुरीनं तिन्ही आरसे एकदा बघितले, पुन्हा बघितले, आणि गाडी हळूच बाजाराच्या रस्त्याला लावली.